अमेरिकेत भाड्याने घेतलेली गाडी मेक्सिकोत नेली, तर विम्याचं काय होतं?

सॅन डिएगोहून दक्षिणेकडे जाणाऱ्या आय-५ महामार्गावर अगदी शेवटी एक पाटी लागते, 'लास्ट यूएसए एक्झिट'. तिथे बाहेर पडला नाहीत तर पुढे मागे फिरायला जागा नाही. काही मिनिटांत तुम्ही मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात असता. याच एक्झिटजवळ, सीमेला जवळपास खेटून, एक मोठा आउटलेट मॉल आहे. खरेदीसाठी निघालेली माणसं मोबाइलवरच्या नकाशाकडे बघता बघता एक वळण चुकतात आणि न ठरवता परदेशवारी करून येतात. अमेरिकेतून बाहेर पडताना बहुतेक वेळा कुणी गाडी थांबवून विचारतसुद्धा नाही.

गाडी तीच, चालवणाराही तोच. पण ती सीमा ओलांडताना एक गोष्ट गळून पडते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे गाडीचा विमा.

मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला, आई-बाबा पुण्या-नाशिकहून दोन महिन्यांसाठी आलेले, लाँग वीकेंडला भाड्याने एसयूव्ही घेऊन सगळे सॅन डिएगोला. मग कुणीतरी म्हणतं, एवढं आलोच आहोत तर मेक्सिकोत जेवून येऊ. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, ही माहिती ग्रुपवर फिरलेली असतेच. गाडीचं काय, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. काउंटरवर 'फुल इन्शुरन्स' घेतलेला असतो ना!

'थर्ड पार्टी' शब्द तोच, अर्थ वेगळा

आपला गोंधळ सुरू होतो तो भारतातल्या सवयीमुळे. इथे गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तुमच्या गाडीमुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी जखमी झालं, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनी देते. पॉलिसीत त्याला रकमेची वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी, साडेसात लाख रुपयांची. त्यामुळे 'थर्ड पार्टी आहे' म्हटलं की आपण निर्धास्त होतो.

अमेरिकेत तसं नाही. तिथे प्रत्येक राज्य किमान रक्कम ठरवतं आणि त्या रकमेपलीकडची जबाबदारी चालवणाऱ्यावर येते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ही किमान रक्कम अशी आहे : एका जखमी व्यक्तीमागे ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६० हजार डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५ हजार डॉलर. त्याआधी अनेक दशकं हे आकडे १५, ३० आणि ५ हजार होते.

समजा, तुम्ही सिग्नल तोडला आणि समोरच्या गाडीतल्या एकाचा पाय मोडला. शस्त्रक्रिया आणि इस्पितळाचं बिल मिळून ९० हजार डॉलर झालं. अमेरिकेतली बिलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा आकडा फुगवलेला वाटणार नाही. विम्यातून ३० हजार मिळाले, उरलेले ६० हजार डॉलर तुमच्या नावावर. गाडी ज्यांच्या मालकीची आहे त्या कंपनीवर दावा होईल असं वाटत असेल, तर तोही रस्ता बराचसा बंद आहे. २००५ साली अमेरिकी काँग्रेसने 'ग्रेव्हज दुरुस्ती' मंजूर केली. कंपनीची स्वतःची चूक नसेल, तर केवळ गाडीची मालक आहे म्हणून तिला चालवणाऱ्याच्या चुकीसाठी जबाबदार धरता येत नाही.

काउंटरवर नेमकं काय विकलं जातं?

विमानतळावरच्या काउंटरवर थकलेल्या अवस्थेत, मागे रांग असताना, ज्या तीन अक्षरी गोष्टींवर आपण सही करतो त्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या असतात.

सीडीडब्ल्यू किंवा एलडीडब्ल्यू हा खरं तर विमाच नाही. गाडीला खरचटलं, ठोकली गेली किंवा (एलडीडब्ल्यू असेल तर) चोरीला गेली, तर तुमच्याकडून वसुली करणार नाही असं कंपनीचं वचन म्हणजे हा 'वेव्हर'. तो फक्त त्या गाडीपुरता. तुम्ही ज्याला धडक दिली त्याच्याशी या वेव्हरचा काही संबंध नाही.

दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असते ती एसएलआय, म्हणजे जादा लायबिलिटी. ही घेतली तर संरक्षण राज्याच्या किमान रकमेवरून बरंच वर जातं, अनेक कंपन्यांकडे ते १० लाख डॉलरपर्यंत असतं. अमेरिकेत राहणारे लोक काउंटरवर हे नको म्हणतात, कारण त्यांच्या घरच्या गाडीची पॉलिसी भाड्याच्या गाडीलाही लागू होते. त्यांचं बघून आपणही नको म्हणतो. पण भारतातून आलेल्या माणसाकडे अमेरिकेतली अशी कुठलीच पॉलिसी नसते. भाड्याच्या कंपनीकडून करारात मिळणारं संरक्षण अनेकदा राज्याच्या किमान रकमेपुरतं असतं, आणि काही करारांत तेही गृहीत धरता येत नाही. परदेशी पाहुण्याने पैसे वाचवायचेच असतील तर बाकी कशावरही वाचवावेत, एसएलआयवर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. भारतातून बुकिंग करताना राहण्याचा देश 'भारत' निवडला, तर अनेकदा या दोन्ही गोष्टी भाड्यातच धरलेला दर मिळतो. तो आधी तपासून पाहावा.

बुकिंगच्या वेबसाइटवर दिसणारं स्वस्त 'फुल कव्हरेज' फसवं वाटावं इतकं अपुरं असतं. बहुतेक वेळा ते भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरतंच असतं. शिवाय आधी तुम्ही कंपनीला पैसे भरायचे आणि मग पावत्या पाठवून परत मागायचे. क्रेडिट कार्डावर मिळणारं संरक्षणही सहसा गाडीच्या नुकसानीपुरतंच. आणि भारतातून घेतलेला प्रवास विमा? त्यात 'पर्सनल लायबिलिटी' असं एक कलम दिसतं, पण मोटार वाहन चालवताना झालेलं नुकसान त्यातून साधारणपणे वगळलेलं असतं. पॉलिसीतल्या बारीक अक्षरांत 'अपवाद' या शीर्षकाखाली ते सापडेल.

सीमा ओलांडली की हे सगळं कुठे जातं?

विमा कंपनीला व्यवसायाचा परवाना एका देशात मिळतो आणि पॉलिसीत तिचं भौगोलिक क्षेत्र लिहिलेलं असतं. आपल्याकडेही हे आहेच. भारतातली मोटार पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळ, भूतान किंवा श्रीलंकेसाठी ती वाढवून घ्यायची तर जादा प्रीमियम भरून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. स्वतःची गाडी घेऊन काठमांडूला गेलेल्यांना हे माहीत असेल.

अमेरिकेतल्या मोटार पॉलिसीचं क्षेत्र साधारणपणे अमेरिका आणि कॅनडा असं असतं. मेक्सिको त्यात नसतो. दुसऱ्या बाजूने, मेक्सिकोतले अधिकारीही अमेरिकी कंपनीची लायबिलिटी पॉलिसी ग्राह्य धरत नाहीत. मेक्सिकोत परवाना असलेल्या विमा कंपनीचीच पॉलिसी चालते. अमेरिकेत तुम्ही १० लाख डॉलरची एसएलआय घेतली असली तरी तिहुआनात दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचं तुमचं संरक्षण शून्य असू शकतं.

आता गाडीच्या नुकसानीचा वेव्हर. तो करारावर अवलंबून असतो, आणि परवानगीशिवाय गाडी मेक्सिकोत नेणं हा बहुतेक करारांत नियमभंग मानला जातो. म्हणजे वेव्हरही गेला. गाडी तिहुआनातून चोरीला गेली, तर तिची पूर्ण किंमत तुमच्याकडून मागितली जाऊ शकते. सगळ्यांत जास्त महाग पडणारी चूक हीच आहे. दुसऱ्याचं नुकसान झालं तर पैसे मागणारा निदान वेगळा असतो, इथे ज्यांच्याकडे तुमच्या कार्डाचा नंबर आहे तीच कंपनी वसुली करते.

त्यामुळे पहिला कागद म्हणजे परवानगी. काही कंपन्या ती देतच नाहीत. काही ठरावीक शाखांमधून, ठरावीक प्रकारच्या गाड्यांसाठी आणि सीमेपासून ठरावीक अंतरापर्यंतच देतात. आलिशान गाड्या आणि मोठ्या व्हॅन सहसा वगळलेल्या असतात. परवानगी लेखी हवी. काउंटरवरच्या माणसाने हसून 'नो प्रॉब्लेम' म्हणणं म्हणजे परवानगी नव्हे. परवानगीसोबतच तीच शाखा मेक्सिकोची पॉलिसी विकते, दिवसाच्या हिशेबाने. किंमत ऐकून दचकायला होतं, कारण कधी कधी ती गाडीच्या भाड्याच्या जवळपास जाते. मेक्सिकोची पॉलिसी ऑनलाइनही पाच मिनिटांत मिळते हे खरं, पण ती मुख्यतः स्वतःच्या मालकीच्या गाडीसाठी असते. भाड्याच्या गाडीला ती लागू होते का, हे आधी वाचून घ्यायला हवं.

अपघात झाला तर अटक होते, हे खरं आहे का?

'मेक्सिकोत अपघात झाला की निर्दोष सिद्ध होईपर्यंत तुम्ही गुन्हेगार', असा मजकूर सोशल मीडियावर नेहमी फिरतो. हे चूक आहे. २००८ साली मेक्सिकोच्या राज्यघटनेत झालेल्या सुधारणेत, दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानायचा हे तत्त्व स्पष्टपणे लिहिलं गेलं.

पण अफवेच्या मागे एक खरी गोष्ट आहे. अपघातात कुणी जखमी झालं असेल, तर चूक कुणाची हे ठरेपर्यंत आणि नुकसानभरपाईची हमी मिळेपर्यंत चालकाला ताब्यात ठेवलं जाऊ शकतं, गाडीही जप्त होऊ शकते. यामागचा विचार समजायला अवघड नाही. धडक देणारा परदेशी आहे, सीमा अर्ध्या तासावर आहे, एकदा पलीकडे गेला की जखमी माणसाने भरपाई कुणाकडे मागायची? मेक्सिकोची वैध पॉलिसी ही तिथे केवळ पैशाची सोय नसते, ती हमी असते. म्हणूनच चांगल्या पॉलिसीत लायबिलिटीसोबत कायदेशीर मदत आणि जामिनाची तरतूद असते. पॉलिसी घेताना ही दोन कलमं आहेत ना, हे पाहणं लायबिलिटीच्या रकमेइतकंच महत्त्वाचं आहे.

तिथल्या आणि आपल्या पद्धतीत आणखी एक फरक आहे. मेक्सिकोत विमा कंपनीचा माणूस, ज्याला तिथे 'अहुस्तादोर' म्हणतात, थेट अपघाताच्या जागी येतो. तो फोटो काढतो, दुसऱ्या कंपनीच्या अहुस्तादोरशी बोलतो, आणि किरकोळ अपघात असेल तर बराचसा निकाल रस्त्यावरच लागतो. त्यामुळे आधी विमा कंपनीला फोन करायचा आणि तो येईपर्यंत, एक तास लागो की दोन, जागा सोडायची नाही. 'समोरच्याशी मिटवलं आणि अमेरिकेत परत येऊन क्लेम केला', हे तिथे सहसा चालत नाही. कंपनीचा मेक्सिकोतला नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण अमेरिकेतल्या सिमला तिकडे रोमिंग नसेल तर ईमेलमधली पॉलिसी उघडणार नाही. कुणी जखमी असेल तर ९११ हा नंबर मेक्सिकोतही चालतो. महामार्गावर गाडी बंद पडली तर ०७८ वर 'आंहेलेस वेर्देस', म्हणजे हिरवे देवदूत, या सरकारी गस्तीपथकाची मदत मागता येते.

भारतीय पासपोर्टधारकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिहुआनात अमेरिकेचा वाणिज्य दूतावास आहे, पण तो अमेरिकी नागरिकांसाठी. तुम्ही एच-१बी वर दहा वर्षं अमेरिकेत राहत असलात तरी अडचणीत फोन करायचा तो मेक्सिको सिटीतल्या भारतीय दूतावासाला. ते शहर तिहुआनापासून दोन हजार किलोमीटरहून दूर आहे.

किती आत जाता येतं?

बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प आणि सीमेलगतचा साधारण २० ते २५ किलोमीटरचा पट्टा 'मुक्त क्षेत्र' मानला जातो. तिहुआना, रोसारितो, एन्सेनादा ही सगळी ठिकाणं त्यात येतात. या भागात परदेशी गाडीसाठी वेगळा परवाना लागत नाही. त्यापलीकडे, मेक्सिकोच्या मुख्य भूमीत जायचं तर गाडीचा तात्पुरता आयात परवाना काढावा लागतो. तो 'बांहेर्सितो' ही लष्कराची बँक देते. गाडी किती साली बनली त्यानुसार २०० ते ४०० डॉलर अनामत भरायची, आणि परत येताना परवाना रद्द करून ती परत घ्यायची. भाड्याच्या गाडीसाठी त्यात कंपनीचं पत्रही जोडावं लागतं. थोडक्यात, पर्यटकाने त्या भानगडीत न पडलेलंच बरं. आतल्या शहरात जायचं असेल तर विमानाने जाऊन तिथे स्थानिक गाडी घ्यावी.

मग नायगाराचं काय?

मराठी कुटुंबं मेक्सिकोपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात दुसऱ्या सीमेवर जातात. न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीहून नायगारा, आणि तिथून रेनबो ब्रिजवरून पलीकडे कॅनडात. इथे चित्र बरंच सौम्य आहे. अमेरिकी पॉलिसी आणि एसएलआय साधारणपणे कॅनडात चालतात. कॅनडाच्या प्रांतांत किमान रक्कम जास्त आहे, ऑन्टारिओत ती २ लाख कॅनेडियन डॉलर. पण कॅनडाच्या नियामकांकडे तशी हमी दिलेल्या अमेरिकी विमा कंपन्या प्रांताच्या किमान रकमेइतकी जबाबदारी स्वीकारतात. त्याचा पुरावा म्हणजे अनिवासी वाहनांसाठीचं एक लहानसं कार्ड. कॅनडात जाणार असल्याचं काउंटरवर सांगितलं की ते मागता येतं. सांगायचं मात्र आधी. काही कंपन्या ठरावीक गाड्या कॅनडातही नेऊ देत नाहीत. इथे विम्यापेक्षा व्हिसाचीच अडचण जास्त येते : मेक्सिकोप्रमाणे कॅनडात अमेरिकी व्हिसावर भारतीयांना प्रवेश मिळत नाही, कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो.

मॉन्ट्रियलला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. क्युबेक प्रांतात शारीरिक इजेची भरपाई सरकारी संस्था देते आणि त्यासाठी एकमेकांवर दावा लावता येत नाही. प्रांताबाहेरच्या माणसाला मात्र त्याची स्वतःची चूक जितकी, तितकी भरपाई कमी मिळते.

युरोपात इतकी कटकट का नाही?

कारण तिथे हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सोडवायला घेतला गेला. १९५३ साली 'ग्रीन कार्ड' पद्धत सुरू झाली. एका देशातल्या विम्याची हमी दुसऱ्या देशातली विमा संस्था देते. आज त्यात ४० हून अधिक देश आहेत. युरोपीय संघात तर कार्डही कुणी मागत नाही, गाडीची नंबर प्लेट हाच विम्याचा पुरावा मानला जातो. आणि तिथली किमान रक्कम पाहा : शारीरिक इजेसाठी एका अपघातामागे ६४.५ लाख युरो, किंवा देशाने तसं ठरवलं असेल तर प्रत्येक जखमीमागे १३ लाख युरो. कॅलिफोर्नियाच्या ३० हजार डॉलरशेजारी हा आकडा ठेवला की फरक समजतो. हा विमा भाड्यातच धरलेला असतो.

म्हणून म्युनिकला गाडी घेऊन साल्झबर्गला जाताना दुसऱ्याच्या नुकसानीची काळजी नसते. काळजी असते ती तुमच्या हातातल्या गाडीची. तिथल्या वेव्हरमध्ये पहिले हजार-दोन हजार युरो तुम्हालाच भरावे लागतात, आणि काच, टायर, गाडीचा तळ हे अनेकदा वगळलेलं असतं. बाल्कन देशांत गाडी न्यायला काही कंपन्या मनाई करतात. कोसोव्हो तर ग्रीन कार्ड पद्धतीतच नाही, तिथे सीमेवर वेगळा विमा विकत घ्यावा लागतो.

निघण्याआधी

करारावर ज्यांची नावं आहेत त्यांनीच गाडी चालवायची. मुलाच्या नावावर गाडी आणि 'हायवेवर जरा बाबा चालवतील' असं झालं, तर सीमेच्या कुठल्याही बाजूला विमा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. जादा चालकाचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत. बाबांसाठी भारतातून निघण्याआधीच आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पण तो मूळ लायसन्ससोबतच चालतो, नुसता चालत नाही.

आणि फक्त तिहुआनात जेवायचंच असेल, तर गाडी न्यायचीच कशाला? सॅन डिएगोच्या मध्यवस्तीतून ट्रॉलीची ब्लू लाइन थेट सॅन इसिद्रो सीमेपर्यंत जाते. तिथून माणसं रोज चालत पलीकडे जातात आणि चालतच परत येतात. पासपोर्ट आणि व्हिसा खिशात हवा, एवढंच.

चुकून एक्झिट हुकलीच, तर घाबरून कुठेही गाडी उभी करू नका आणि शहरात फिरायलाही जाऊ नका. परतीच्या रांगेच्या पाट्या पाहून, 'सान दिएगो' किंवा 'गरीता', म्हणजे सीमानाका, असं लिहिलेल्या दिशेने हळू गाडी चालवा. ही रांग दोन-तीन तासांचीही असू शकते. पासपोर्ट जवळ नसेल तर नाक्यावर खरं ते सांगा, तुमची ओळख तपासायला त्यांना वेळ लागेल. रांगेत असताना भाड्याच्या कंपनीला फोन करून झालेला प्रकार कळवा आणि फोन किती वाजता केला ते लिहून ठेवा. पुढे वाद झालाच तर ती नोंद उपयोगी पडते.